गवताचा ब्राह्मण

१

श्राद्धाला जेवायला ब्राह्मण मिळत नाहीत, हे रडगाणं काही आजचं नाही. एकाला पित्त, दुसऱ्याला साखर, तिसरा नेमका दुपारी मीटिंगमध्ये. त्यामुळे श्राद्धकार्यं करायच्या काकांच्या हॉलमध्ये कित्येक वर्षं गवताचाच ब्राह्मण जेवायला बसायचा.

यात थट्टा नाही. शास्त्रातच तशी सोय आहे. दर्भाच्या काड्या घ्यायच्या, दुमडायच्या, वरच्या बाजूला गाठ मारायची, टोकं शेंडीसारखी मोकळी सोडायची. झाला ब्राह्मण. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, गंध लावायचं, पुढ्यात पान वाढायचं. त्याचं जेवण झालं असं समजायला थोडा वेळ द्यायचा. मग यजमान हात जोडून विचारतो, "तृप्त झालात का?" गवत बोलत नाही एवढं शास्त्रालाही ठाऊक आहे, म्हणून त्याच्या वतीनं गुरुजींनीच म्हणायचं, "तृप्ताः स्मः." म्हणजे, आम्ही तृप्त आहोत. शेवटी ‘आता निघावं’ असा निरोप द्यायचा आणि गाठ सोडायची. गाठ सुटली की ब्राह्मण गेला, राहिलं गवत.

गवताच्या वतीनं बोलायचं काम धाकट्याकडे होतं.

धाकटा म्हणजे काकांचा पुतण्या. यजमान लोक त्याला धाकटे गुरुजी म्हणायचे, काका बाळ्या म्हणायचे. आईबाप लहानपणीच गेले. काकांनी वाढवला, शिकवला, आणि त्याच्या वतीनं जे काही बोलायचं असेल ते काकाच बोलत आले. ‘बाळ्याला गोड चालत नाही.’ ‘बाळ्या पुढे शिकणार नाही, हॉल सांभाळणार.’ धाकट्याला गोड आवडायचं. पण इतक्या वर्षांनी आता कुठे सांगत बसायचं.

त्यामुळे असेल, पण गवताच्या वतीनं बोलताना तो भलताच खुलायचा. ‘तृप्ताः स्मः’ तो स्वतःच्या आवाजात म्हणायचाच नाही. गळ्यापर्यंत जेवून पट्टा सैल केलेल्या माणसाचा एक आवाज त्यानं बनवला होता. जाडसर, घशातून निघालेला, शेवटी ढेकर येता येता राहिल्यासारखा. डोळे पुसत बसलेले यजमानही त्यावर हसायचे. काका वरवर रागवायचे आणि आतल्या खोलीत जाऊन हसायचे.

त्या दिवशी त्याला घाई होती. हॉलच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना. तिथलं ड्रिल दिवसभर फरशीतून गुणगुणायचं. ते थांबलं की जेवणाची सुट्टी झाली असं समजायचं. ड्रिल थांबलं. काका आत फोनवर होते, यजमान निघून गेले होते. धाकट्यानं दर्भ उचलला, गाठीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि दर्भ तसाच पिशवीत टाकून चेन ओढली. निरोप नाही, काही नाही.

नंतर सोडू म्हणाला. नंतर विसरला.

२

जिन्याच्या वळणावर ती डबा उघडून बसली होती. ती दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस. काका तिला ‘ती खालची’ म्हणायचे, आणि कुणी चमकून बघितलं की खुलासा करायचे, "मजला म्हणतोय मी, मजला."

"सांगितलंस काकांना?" तिनं विचारलं.

"सांगणार आहे."

"हे तू मागच्या उन्हाळ्यातही म्हणालास, गुरुजी."

"अगं, योग्य वेळ यावी लागते."

"रविवारी मुलगी दाखवायला मंडळी येतायत तुमच्याकडे. काका एकदा हो म्हणाले की शब्द फिरवणार नाहीत, तूच सांगतोस. मग वेळ कधी यायची? बारशाला?"

धाकट्यानं तिच्या डब्यातला घास घेतला. तिच्या डब्यातलं तो खातो हे काकांना कळलं असतं तर हॉलची फरशी धुवून घेतली असती. तिचे बाबा स्मशानातल्या विजेच्या भट्टीवर कामाला होते. काचेच्या अलीकडे काका मंत्र म्हणायचे, पलीकडे ते बटण दाबायचे. दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं म्हणायला हरकत नाही. काका त्यांच्याशी हसूनखेळून बोलायचे, फक्त त्यांच्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत. ते गेले तेव्हा तिनं वर येऊन विचारलं होतं, ‘बाबांचं तुम्ही कराल का?’ काका म्हणाले होते, ‘तुमच्यात कोण करत असेल त्याला बघा.’ धाकटा शेजारीच उभा होता. तो काहीच बोलला नव्हता. ते तिनं माफ केलं होतं, पण विसरली नव्हती.

"कमाल आहे तुमची," ती डबा बंद करत म्हणाली. "गवताला ब्राह्मण करायला एक गाठ पुरते. मला तुमच्या पाटाला पाट लावून बसायचं तर काय लागेल? दोरखंड?"

धाकटा हसला. ती हसली नाही.

"एवढंच कर. जे सांगायचं ते स्वतःच्या तोंडानं सांग. बाकी मी बघते."

३

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त मास्तरांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. नवा दर्भ, नवी गाठ, सगळं नेहमीप्रमाणे. दर्भाच्या कडेनं धाकट्याचा अंगठा कापला, तेही नेहमीप्रमाणे. त्याच्या उजव्या अंगठ्यावर एक चीर कायमचीच असायची, जुनी भरते तोवर त्याच जागी नवी. मास्तरांनी हात जोडून विचारलं, "तृप्त झालात का?"

धाकट्याला नेमका ठसका लागला. तो तोंडावर उपरणं धरून वाकला.

"तृप्ताः स्मः."

जाडसर, घशातून, शेवटी ढेकर येता येता राहिल्यासारखं.

मास्तर हसले. "वा, धाकटे गुरुजी! खोकता खोकतासुद्धा!"

धाकट्यानं मान वर केली. काका आतल्या खोलीत भांडी लावत होते, आवाज येत होता. हॉलमध्ये मास्तर, धाकटा आणि गवत. बाकी पांढऱ्या भिंती आणि एक पंखा.

त्यानं मनाशी हिशेब मांडला. सवय असते. रोज तेच वाक्य, जिभेला पाठ, मेंदूला न विचारता निघून गेलं असेल. झोपेत माणसं पत्ता सांगतात, हे तर जागेपणी होतं. हिशेब बरा जुळला. एवढंच, की ठसक्यात श्वास आत चालला होता, बाहेर नव्हे, आणि श्वास आत घेत कुणी बोललेलं त्यानं तरी ऐकलं नव्हतं.

मास्तर गेल्यावर त्यानं न चुकता निरोप दिला, गाठ सोडली आणि पाट उचलायला हात घातला. पाट कोमट होता. खुर्चीवरून कुणी नुकतंच उठून गेल्यावर असते ना, तशी ऊब. नको इतकी ओळखीची.

त्यानं पाट उलटा करून भिंतीला टेकवला आणि हात धुतले. मग परत धुतले.

४

पुढच्या कार्याला त्यानं मुद्दाम ओठ घट्ट मिटून घेतले. यजमानबाईंनी विचारलं, उत्तर आलं. त्याच्या पुढ्यातून नाही, पाटावरूनही नाही. त्याच्या मागून, डाव्या खांद्याजवळून. बाई त्याच्याकडे बघून कौतुकानं हसल्या. म्हणजे त्यांच्या मते तोच बोलला होता. आता बाईंना काय विचारणार, ‘मी बोललो का हो?’ दक्षिणा परत मागितली असती.

दुपारी जिन्यावर तो तिच्या डब्याला हात न लावता बसला होता.

"तुझ्याशी बोलतेय मी," ती म्हणाली. "इतका फिकट का पडलायस? दाढ दुखतेय? आ कर बघू."

"नाही गं, दाढबिढ नाही."

"मग?"

वर हॉलमध्ये कुणी नव्हतं. काका बाजारात गेले होते, कुलूप धाकट्यानंच लावलं होतं, किल्ली त्याच्या खिशात होती. आणि वरून, बंद दारापलीकडून, सावकाश, पोटभर आवाजात कुणीतरी म्हणालं, "तृप्ताः स्मः."

कुणी विचारलेलं नसताना.

तिनं वर बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"रेकॉर्ड करून ठेवलंस की काय?" ती म्हणाली. "आळशी आहेस हं."

"हो," धाकटा म्हणाला. त्या क्षणी त्याला ते स्पष्टीकरण इतकं आवडलं की त्यानं स्वतःही थोडा वेळ त्यावर विश्वास ठेवला.

५

शुक्रवारी संध्याकाळी घरी काका आणि तो समोरासमोर जेवायला बसले. धाकट्यानं वाक्य घोटून ठेवलं होतं. ‘काका, मी लग्न करीन तर तिच्याशीच करीन.’ साधं, सरळ. आरशासमोर म्हटलं तेव्हा छान जमलं होतं. पण आधी जरा जमीन तयार करावी म्हणून तो म्हणाला, "काका, सगळ्यांत एकच आत्मा आहे, असं तुम्ही प्रवचनात सांगता ना?"

"सांगतो की. खरंच आहे ते."

"मग आपण हा वर आणि तो खाली असं..."

"दोन मजले असतात, बाळ्या," काका भात कालवत म्हणाले. हे त्यांचं आवडतं होतं. "वरच्या मजल्यावर सगळं एक. तिथे तू नाहीस, मी नाही, जात नाही. खालच्या मजल्यावर व्यवहार. तिथे प्रत्येकाचा पाट वेगळा."

"आणि आपण कुठल्या मजल्यावर?"

"जेवण कुठे चाललंय? खालीच ना? वर कोणाला भूक लागते!" काका स्वतःच हसले.

"पण मग गवत कसं ब्राह्मण होतं? ते कुठल्या मजल्यावरचं?"

काकांनी हात थांबवला. प्रश्न त्यांना आवडलेला दिसला.

"गवताला स्वतःचं काही म्हणणं नसतं रे. ज्याला स्वतःचं म्हणणं नाही, त्याला कुठेही बसवता येतं, काहीही करता येतं." त्यांनी धाकट्याच्या ताटात प्रेमानं भाजी वाढली. "बरं, रविवारी मंडळी येतील. मी हो म्हणून टाकतो. मुलगी चांगली आहे, हॉल तुझ्या नावावर होईल, माझी काळजी मिटेल. तुझी काही हरकत नाही ना?"

आता. धाकट्यानं घास गालात सरकवला आणि वाक्याला हात घातला.

"छे. आम्ही तृप्त आहोत."

घास अजून तोंडातच होता. ओठ मिटलेले होते. आवाज त्याच्या खुर्चीच्या मागून आला होता.

काका आधी दचकले आणि मग त्यांना असं काही हसू फुटलं की पाणी प्यावं लागलं. "आम्ही! ऐका! आत्तापासूनच ‘आम्ही’! लबाडा, आणि मी आपला घाबरत होतो, तू त्या खालचीचं काहीतरी काढतोस की काय म्हणून."

धाकट्यानं मागे वळून बघितलं नाही. खुर्चीच्या पाठीला टेकलेला त्याचा सदरा कोमट होत चालला होता. तो घास चावत राहिला. बराच वेळ चावला. तेव्हाच त्याला, का कोण जाणे, पिशवी आठवली.

६

शनिवारी धाकट्याच्या आजोबांचं श्राद्ध. घरचंच कार्य, म्हणून यजमान स्वतः काका आणि गुरुजी धाकटा. तो काकांच्या आधी हॉलवर पोचला, पिशवी जमिनीवर ठेवली आणि चेन उघडली.

ती गाठ आतच होती. बाकी सामानाखाली दबून चपटी व्हायला हवी होती. नव्हती झाली. ताठ होती. कपाळाच्या जागी गंध होतं, ओलं.

‘आता निघावं,’ त्यानं म्हणून बघितलं. मग विधीतल्या सगळ्या शब्दांनिशी म्हणून बघितलं. मग गाठीत नख घातलं. दर्भाची गाठ म्हणजे काही जहाजाचा दोर नव्हे, लहान मूलही सोडवील. पण ओढलं की ती घट्ट होई, आणि घट्ट झाली की धाकट्याचा घसा आवळल्यासारखा होई. काड्यांमधून एक लांब काळा केस गुंफलेला होता. त्याचा हात आपोआप डोक्यामागे शेंडीकडे गेला.

"काय चाललंय?" काका दारातून आत येत म्हणाले. "जुना दर्भ कशाला काढलास? असू दे, हाच घे, चांगला जाड आहे."

"काका, हा सुटत नाहीये."

"आत्ता कशाला सोडतोस? अजून बसवायचाय."

तेवढ्यात ती वर आली. दवाखान्याचा एप्रन, हातात मोजे, चेहऱ्यावर ‘आज काय तो निकाल’ असा भाव. दोन पेशंटांच्या मधली सवड काढून आली होती. तिनं काकांना नमस्कार केला. मग धाकट्याला वाकून गाठीशी झटताना बघितलं.

"दे इकडे. दिवसभर लोकांच्या दातांत अडकलेलं काढते मी. गाठ काय मोठी."

"हात लावू नकोस," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "घरचं कार्य आहे."

"हातमोजे आहेत, काका."

"हातमोज्यांचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

काकांनी उपरणं नीट केलं.

ती धाकट्याकडे वळली. "तू सांग. लावू हात?"

दोन अक्षरांचा शब्द. लाव. धाकट्याला वाटलं, हा एक शब्द निघाला की मागोमाग सगळं निघेल, तिच्या बाबांच्या वेळचं, डब्यातलं, रविवारचं, अगदी गोड आवडतं तेही. शब्द घशात आला. जिभेवर आला.

"नको," आवाज आला. "आम्ही तृप्त आहोत."

दाराजवळून.

काकांनी आणि तिनं दोघांनीही तिकडे माना वळवल्या. बोलणाऱ्याकडे माणूस बघतोच. धाकट्यानंही बघितलं. दाराशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. खांद्यावर उपरणं, ते त्याचंच. मान, तीही त्याचीच असावी, स्वतःची मान मागून कोण कधी बघतं. त्याला पुढे जायचं होतं, पण गुडघ्याखाली लाकूड लागलं. तो पाटावर बसला होता. कधी बसला ते काही आठवेना.

ती सावकाश दाराकडे गेली. पेशंटसमोर उभी राहते तशी मान तिरकी करून त्या माणसासमोर उभी राहिली.

"बोलताना तुझं तोंड उघडलंच नाही," ती म्हणाली. "आ कर."

तिकडून हालचाल नाही.

"आ कर म्हणतेय ना मी."

पाठमोरं डोकं किंचित मागे झुकलं. किडलेल्या दाढा, पू, रक्त, कशानंही कधी न बदललेला तिचा चेहरा धाकट्याला इथून दिसत होता. त्यातला रंग हळूहळू उतरला.

"आत सगळं वाळलेलं आहे," ती म्हणाली.

मग ती हॉलभर बघायला लागली. खिडकी, पंखा, काका, पिशवी, पाट. तिची नजर धाकट्यावर आली आणि न थांबता पुढे गेली. "तो कुठेय?" तिनं काकांना विचारलं.

"कोण?"

"हा नाही. तो."

"हा काय समोर उभाय! डोकं फिरलं का पोरी तुझं?"

खाली ड्रिल सुरू झालं. डॉक्टरांनी हाक मारली. ती पाठ न वळवता, कठडा धरून, एकेक पायरी मागे मागे उतरत गेली. "मी खालीच आहे," ती म्हणाली. कुणाकडे बघून नाही. सगळ्या हॉलला उद्देशून.

७

काकांनी धाकट्याचे पाय धुतले. पाणी गार होतं. कपाळाला गंध लागलं, तेही गार. पुढ्यात पान आलं: भात, भाजी, आणि कडेला गोड, भरपूर. आजोबांना आवडायचं म्हणे. धाकट्यालाही आवडायचं. पान अगदी हाताशी होतं. हात मात्र कुठे होते ते कळेना.

जेवण झालं असं समजण्यापुरता वेळ गेला. काकांनी हात जोडले. काकांना कुणापुढे इतक्या आदरानं वाकलेलं धाकट्यानं एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे ओले होते.

"तृप्त झालात का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी काही विचारून समोर हात जोडून थांबलं होतं. "नाही," धाकटा म्हणाला. सगळा जीव एकवटून म्हणाला. "नाही, काका. मी लग्न करीन तर तिच्याशीच करीन."

काकांनी, पद्धतीप्रमाणे, पाटाकडे बघितलंच नाही. ते दाराकडे बघत होते.

"तृप्ताः स्मः," दाराकडून आवाज आला. शेवटी ढेकर येता येता राहिली. काका डोळे पुसता पुसता हसले.

आत फोन वाजला. "उद्याच्या मंडळींचा असेल," काका उठत म्हणाले. "निरोप दे आणि सोड रे गाठ, बाळ्या."

"हो, काका."

काका आत गेले. खाली ड्रिल थांबलं. जेवणाची सुट्टी.

पाटावर एक हात आला. उजव्या अंगठ्यावर चीर होती. हातानं त्याला अलगद उचललं, गाठीपाशी अंगठा टेकवला. सोड, धाकटा म्हणाला. सोड ना.

त्या माणसानं गाठीकडे बघितलं. जिन्याकडे बघितलं. त्यालाही घाई होती.

चेन ओढली गेली. पिशवीत सामानाचा, गंधाचा आणि जुन्या दर्भाचा वास होता. पिशवी हिंदकळत जिना उतरायला लागली, आणि वळणावर येऊन थबकली. डबा उघडल्याचा आवाज आला नाही. तिचा आवाज आला, अगदी जवळून, पेशंटशी बोलते तसा शांत.

"थांब. आधी आ कर. आणि ती पिशवी दे इकडे."